नगरपालिकेचे प्रगतिपुस्तक

'शाश्वत शहर' हा शब्द हल्ली वरचेवर कानावर येतो. चर्चा मात्र मुंबई-पुण्याचीच असते. म्हणून आज लहान, नगरपालिकेच्या गावांविषयी लिहितो आहे. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले, तेव्हा सुरुवात जरा मागून.

१८५० च्या कायद्याने आपल्याकडच्या गावांना नगरपालिका स्थापन करण्याची मुभा मिळाली. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या ठरावाने लोकनियुक्त सभासदांना वाव मिळाला. दिवाबत्ती, झाडलोट, रस्ते, पाणी ही कामे. जकात आणि घरपट्टी हे उत्पन्न. मोजमाप व्हायचे ते मुख्यतः जमाखर्चाचे. पुढे १९६५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात नगरपालिकांचे अ, ब, क असे वर्ग पडले, तेही लोकसंख्येवरून. म्हणजे डोकी मोजली. त्या डोक्यांना पाणी किती मिळते, हे वर्ग ठरवताना कोणी विचारले नाही.

तो प्रश्न नीट विचारला गेला २००८ मध्ये. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा या ४ सेवांसाठी २८ निकष ठरवले. पाणी माणशी रोज १३५ लिटर, २४ तास, प्रत्येक नळाला मीटर, आणि हिशेबाबाहेर जाणारे पाणी २० टक्क्यांच्या आत. नळयोजनेवर खर्च किती झाला यापेक्षा घरात पोचले काय, याला महत्त्व आले.

कऱ्हाडलगतच्या मलकापूरने त्याच सुमारास मीटर लावून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली. 'चोवीस तास दिले तर लोक उधळतील' असे पुष्कळांना वाटते. पण दिवसातून तासभर पाणी येते तिथे घरोघरी पिंप भरतात आणि ताजे आले की कालचे 'शिळे' म्हणून ओतून देतात! शिवाय रिकाम्या नळात बाहेरचे घाण पाणी शिरते ते वेगळेच. मीटर असला की गळती कुठे आहे तेही कळते. मोजल्यामुळे सुधारणा होते ती अशी.

२०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाले. पहिल्या वर्षी ७३ शहरे होती, २०१८ पर्यंत ती चार हजारांवर गेली. लाखाच्या आतल्या शहरांत २०२० ला कऱ्हाड, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी आणि २०२३ ला सासवड पहिले आले. आपली लहान गावे देशात पहिली येतात याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण एक मास्तरी शंका आहे. कऱ्हाड २०२२ ला तिसरे आले, म्हणजे ते आधीपेक्षा अस्वच्छ झाले का? नंबरावरून ते समजत नाही. वर्गातला नंबर इतरांवर अवलंबून असतो. मुलगा किती पुढे गेला, हे त्याच्या गेल्या वर्षीच्या गुणांशी ताडूनच कळते. आणि तपासणीच्या आधी भिंती रंगवणे म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी.

म्हणून भाचे-पुतण्यांनो आणि ब्लॉगमित्रांनो, आपापल्या नगरपालिकेत तीनच आकडे विचारा. पाणी रोज किती तास येते? कचऱ्यापैकी वेगळा करून किती येतो? सांडपाण्यापैकी शुद्ध होऊन नदीत किती जाते? उत्तर वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी हेच तीन प्रश्न पुन्हा विचारा.