मेपलचें तबक आणि त्याचे राखणदार

बोन्साय हा शब्द दोन जपानी पदांचा मिळून झाला आहे. 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणी. तबकांत लावलेलें झाड, एवढाच त्याचा सरळ अर्थ. तथापि या शब्दाभोवतीं एक गैरसमज फार दिवस वावरत आला आहे. झाडाला उपाशी ठेवून बळजबरीनें ठेंगणें केलें म्हणजे बोन्साय झालें, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिति याच्या अगदीं उलट आहे. उपाशी ठेवलेलें झाड ठेंगणें होत नाहीं, तें मरतें. तबकांतील झाडास खत, पाणी, ऊन व मोकळी हवा हीं सर्व लागतात. किंबहुना जमिनींतील झाडापेक्षां अधिक वेळेवर लागतात, कारण दूरवर जाऊन पाणी शोधण्याची त्याच्या मुळांना सोय नसते. त्याचें जगणें एका माणसाच्या रोजच्या आठवणीवर अवलंबून असतें. असें असतां ही विद्या शेंकडों वर्षें टिकली कशी, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आणि ज्यानें जपानी मेपलचें पहिलेंच रोप घरीं आणलें आहे, त्यानेंहि तोच प्रश्न प्रथम विचारावा.

या विद्येचें मूळ चीन देशांत आहे. तांग घराण्यांतील राजपुत्र ली श्येन याच्या थडग्यांत सन ७०६ च्या सुमाराचीं भित्तिचित्रें आहेत. लहान झाडें व दगड मांडलेलीं पात्रें हातांत घेऊन चाललेले सेवक त्यांत दिसतात. चीनमधून ही आवड जपानांत गेली. १३०९ सालच्या 'कासुगा गोंगेन' या प्रसिद्ध चित्रमालिकेंत तबकांतील झाडें रंगविलेलीं आहेत. पुढें जपानी रंगभूमीनेंहि या झाडांना जागा दिली. 'हाचि नो कि', म्हणजे 'कुंडींतील झाडें', या नो नाटकांत बर्फाच्या रात्रीं एक भिक्षु एका निर्धन सामुराईच्या घरीं आसरा घेतो. घरांत सरपण नसतें. तेव्हां यजमान जिवापाड जपलेलीं प्लम, चेरी व पाइन हीं आपलीं तीन झाडें तोडून अतिथीसाठीं शेकोटी पेटवितो. तो भिक्षु म्हणजे कामाकुराचा सत्ताधीश होजो तोकियोरि होता, असें मागाहून कळतें. आणि त्या तीन झाडांचीं नांवें धारण करणाऱ्या तीन जहागिरी सामुराईला मिळतात. तीन काटक्या जाळल्या म्हणून कोणी जहागिरी देत नाहीं. त्या काटक्यांत किती वर्षांची राखण जळाली, हें प्रेक्षकांस ठाऊक होतें.

त्या तीन झाडांत मेपल नाहीं. मेपलचा मान शरद ऋतूंतला. डोंगरांतील पानें तांबडीं झालीं कीं तीं पाहण्यासाठीं मुद्दाम जावयाचें, ही जपानी लोकांची फार जुनी चाल आहे. या झाडाचें 'काएदे' हें जपानी नांव 'बेडकाचा पंजा' या अर्थाच्या शब्दापासून आलें आहे. १७७५-७६ मध्यें डच व्यापाऱ्यांच्या वखारींत वैद्य म्हणून राहिलेल्या कार्ल पीटर थुनबेर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानें त्याला 'पाल्माटुम' हें लॅटिन विशेषण दिलें. त्याचा अर्थ तळहातासारखें. एकास त्या पानांत बेडूक दिसला, दुसऱ्यास माणूस दिसला.

तोपर्यंत मेपल डोंगरांतून शहरांत येऊन बराच काळ लोटला होता. एदो शहर, म्हणजे आजचें तोक्यो, हें शोगुनांच्या अमलांत झपाट्यानें वाढलें. तेथील सोमेइ भागांत माळ्यांची वस्ती होती व इतो इहेइ हें नांव पिढ्यान् पिढ्या चालविणारें एक घराणें तिच्यांत अग्रेसर होतें. या घराण्यानें झाडांवर ग्रंथ छापले. अठराव्या शतकाच्या आरंभींच मेपलच्या तीसहून अधिक जाती नांवानिशीं नोंदल्या गेल्या होत्या. या नोंदींमागें एक अडचण आहे. मेपलचें बीं पेरलें तर येणारें रोप आईसारखें निघेलच असें नाहीं. एखादी सुरेख जात राखावयाची तर तिचें कलम करावें लागतें, किंवा फांदीला गुटी बांधावी लागते. अर्थात् एकाहि पिढीनें हात आखडता घेतला तर ती जात कायमची जाते. झाडाचें आयुष्य येथें माणसाच्या परंपरेशीं बांधलें गेलें.

या परंपरेवर मोठा घाला आला तो १ सप्टेंबर १९२३ रोजीं. कांतो प्रदेशाच्या भूकंपानें व त्यापाठोपाठ लागलेल्या आगींनीं तोक्यो शहर उद्ध्वस्त झालें. शहरांतील बोन्सायच्या माळ्यांपुढें दोन वाटा होत्या : धंदा सोडणें, किंवा झाडें घेऊन दुसरीकडे जाणें. त्यांनीं दुसरी वाट धरली. तोक्योच्या उत्तरेस ओमिया येथें मोकळी जागा, चांगलें पाणी व स्वच्छ हवा होती. तेथें १९२५ मध्यें बोन्सायचें गांव वसलें. गांवकऱ्यांनीं आपल्यासाठीं नियम केले. प्रत्येकानें निदान दहा झाडें बाळगावीं. बाग सर्वांस पाहावयास खुली ठेवावी. घर दुमजली बांधूं नये. कुंपण जिवंत झुडपांचें असावें. यांतील बाग खुली ठेवण्याचा नियम विशेष महत्त्वाचा. विद्या कोंडून ठेवली तर ती राखणदाराबरोबर संपते, हें भूकंपांतून उठलेल्या त्या माणसांना कोणी शिकवावें लागलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत बोन्साय ही चैनीची वस्तु ठरली व अनेक बागांवर अवकळा आली. परंतु गांव टिकलें. १९८९ सालीं जगांतील बोन्सायप्रेमींचें पहिलें संमेलन ओमियासच भरलें.

नवशिक्याला आज जे नियम सांगितले जातात, ते अशाच माळ्यांच्या अनुभवांतून आले आहेत. पहिला नियम असा कीं मेपल दिवाणखान्यांत ठेवूं नये. तें डोंगरांतलें झाड आहे. शरदांत पानें टाकून हिंवाळाभर थंडींत झोपणें हा त्याचा स्वभाव. ही झोप मोडली तर तें एकदोन वर्षांत खंगतें. मुंबईसारख्या उष्ण शहरांत तें सहसा टिकत नाहीं, याचें कारण हेंच. मात्र कडक गोठण पडते तेथें तबकांतील मुळांना आडोसा द्यावा लागतो, कारण जमिनीची ऊब त्यांना मिळत नाहीं. माती बदलणें आणि वाढलेलीं मुळें कातरणें हें काम वसंताच्या तोंडीं, डोळे फुटण्यापूर्वीं करावें. मातीहि चिकट नसावी. कांतो प्रदेशांतील ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली 'आकादामा' नांवाची दाणेदार माती जपानी माळी वापरतात, ती पाणी धरते आणि जादा पाणी सोडूनहि देते. पानें समोरासमोर जोडीनें येतात. कोंवळा शेंडा पहिल्या जोडीपुढें खुडला म्हणजे फांदी आंखूड व दाट होते. फांदीस वळण देण्यासाठीं तार गुंडाळतात, पण साल पातळ असल्यानें तार वेळेवर न काढल्यास तिचे वळ वर्षानुवर्षें राहतात. भर उन्हाळ्यांत दुपारचें ऊन व कोरडा वारा टाळावा, नाहींतर पानांच्या कडा करपतात.

सर्वांत अवघड काम पाणी देण्याचें. तें शिकावयास तीन वर्षें लागतात, अशी जपानी माळ्यांत म्हण आहे. नवशिक्या घड्याळ पाहून पाणी देतो; जाणता बोटानें माती चांचपून देतो. वरची माती सुकूं लागली कीं तबकाच्या भोंकांतून वाहेपर्यंत भरपूर पाणी द्यावें, आणि माती ओलसर असेल तर देऊं नये. सतत भिजलेलीं मुळें कुजतात, आणि एका तापत्या दिवसाच्या विसराळूपणानें झाड सुकतें. म्हणूनच पहिल्या वर्षीं कात्री व तार बाजूस ठेवून केवळ पाणी देणें व झाड न्याहाळणें यांतच शहाणपण आहे.

या साध्या कामाची थोरवी हिरोशिमाच्या एका झाडानें दाखविली आहे. तें मेपल नव्हे, पाइन आहे. १६२५ पासून कुंडींत वाढविलेलें. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब पडला तेव्हां तें यामाकि कुटुंबाच्या बागेंत, स्फोटापासून दोन मैलांच्या आंत होतें. भिंतीच्या आडोशानें तें वांचलें; घरांतील माणसेंहि वांचलीं. पण ऑगस्टच्या उन्हांत तबकांतील झाड केवळ भिंतीच्या पुण्याईवर जगत नाहीं. शहर बेचिराख झालेलें असतां कोणाच्या तरी हातानें त्याला पाणी मिळत राहिलें असलें पाहिजे. १९७६ मध्यें अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपाननें ५३ बोन्साय भेट दिलीं, त्यांत मासारु यामाकि यांनीं हें झाड दिलें. त्याचा हिरोशिमाचा इतिहास वॉशिंग्टनच्या संग्रहालयांतील राखणदारांना कळला तो २००१ सालीं, यामाकि यांचे नातू तें पाहावयास आले तेव्हां. पंचवीस वर्षें त्या राखणदारांनीं त्याला पाणी घातलें, तें इतर झाडांना घालीत तसेंच.

पहिलें मेपल घेणाऱ्यानें या इतिहासांतून दोन गोष्टी घ्याव्या. रोज सकाळीं मातीला बोट लावावें. आणि आपण परगांवीं असतां तें बोट कोणाचें असेल, तें आधीं ठरवून ठेवावें. शक्य तर त्या माणसास आपल्याबरोबर आजपासूनच शिकवूं लागावें.