मोडलेल्या दुकानाचा दावा
(मोहतर्फ्यापासून रोजगार हमीपर्यंत)

जमीनमहसुलाच्या कागदांवर मराठी संशोधकांनीं आजवर पुष्कळ परिश्रम केले आहेत. त्या मानानें पेठेंतील किरकोळ वाणी, साळी, तेली, रंगारी यांच्या कागदांकडे लक्ष थोडेंच गेलें. अशा माणसाचा धंदा बसला व दुकान मोडलें, तर त्यास सरकारदरबारीं काय मागतां येत असे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरणादाखल औसा हें ठिकाण आम्हीं घेतलें आहे. येथील किल्ला बहामनी काळापासून प्रसिद्ध. इ. स. १६३६ त तो शहाजहानाच्या सैन्यानें घेतला. पुढें हा मुलूख हैदराबादच्या आसफजाही अमलाखालीं १९४८ पर्यंत राहिला. १९५६ त तो मुंबई राज्यांत, १९६० त महाराष्ट्रांत व १९८२ त उस्मानाबादेपासून तुटून नव्या लातूर जिल्ह्यांत आला. धनी इतक्यांदा बदलले. परंतु लहान दुकानदाराचा सरकारशीं संबंध मुख्यतः एकच राहिला, तो कर भरण्याचा. दुकान बुडाल्यावरचा त्याचा दावाहि त्याच संबंधांतून उत्पन्न झाला, असें आम्हांस वाटतें.

प्रथम मोहतर्फ्याचें पाहूं. अरबी ‘हिर्फा’ म्हणजे धंदा. त्याच धातूचा हा शब्द. शेतसारा जमिनीवर, जकात हलत्या मालावर आणि मोहतर्फा धंदा करणाऱ्यावर, अशी ढोबळ वांटणी होती. साळ्याचा माग, तेल्याचा घाणा, वाण्याचें दुकान यांवर तो बसे. मराठी राज्यांत तो होता, तसाच मोगलाईंतहि होता. आकार मागावर किंवा घाण्यावर असल्यामुळें, माग बंद पडला म्हणजे हिशेबापुढें पहिला प्रश्न उभा राही तो हा कीं, त्यावरील पट्टी चालू ठेवावयाची किंवा नाहीं. माग चालविणाऱ्याचें पोट कसें चालेल, या प्रश्नास जमाखर्चांत सदरच नव्हतें. म्हणून मोडलेल्या दुकानदारास मागतां येण्यासारखी वस्तु एकच होती, ती म्हणजे सूट. तहकुबी, माफी, ‘नादार’ म्हणून बाकी सोडणें, हीं सर्व त्याच मागणीचीं निरनिराळीं रूपें होत. ‘आम्हांस द्या’ असें त्यास म्हणतां येत नसे. ‘आमच्यापासून घेऊं नका’ एवढेंच म्हणतां येत असे.

सगळी पेठच ओस पडली तर उपाय वेगळा असे. दुष्काळानें किंवा फौजांच्या येण्याजाण्यानें उदमी परागंदा झाले, म्हणजे शेटे-महाजनांमार्फत कौल देऊन त्यांस परत बोलावीत. कांहीं वर्षें पट्टी माफ, पुढें इस्ताव्यानें चढती, अशी त्याची रीत. १७६० सालच्या उदगीरच्या मोहिमेंत मराठ्यांच्या व निजामाच्या फौजा याच मुलुखांतून गेल्या; तेव्हां पेठा उठण्याचा व पुन्हां वसविण्याचा प्रसंग या भागास अपरिचित नव्हता. परंतु कौल हा पुन्हां दुकान मांडणाऱ्यास मिळे. ज्याच्याजवळ मांडावयास भांडवलच उरलें नाहीं, त्यास कौलाचा उपयोग काय? गांवांतील सुतार-लोहारांस निदान बलुत्याचा हक्क असे, व त्याची व्यवस्था त्रिं. ना. आत्रे यांनीं १९१५ त प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ ग्रंथांत तपशिलानें पाहावयास मिळते. रोकडीनें व उधारीनें चालणाऱ्या दुकानदारास पिकांत असा वांटा नव्हता.

इंग्रजी मुलुखांत १८४४ च्या १९ व्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील मोहतर्फा उठला. कर गेला ही गोष्ट चांगलीच झाली. पण सूट मागण्याची वाटहि त्याबरोबर गेली, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. १८८० च्या दुष्काळ कमिशनानंतर फॅमिन कोड तयार झाले. त्यांत मदतीचें मुख्य साधन म्हणजे खडी फोडणें व मातीकाम. विणकराचा हात अशा कामानें निकामी होतो, आणि माग एकदां विकला गेला म्हणजे दुष्काळ सरल्यावरहि तो मजूरच राहतो, हें अनुभवानें कळून आलें. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळांत सोलापुरास विणकरांना त्यांच्याच मागावर काम देण्याची तजवीज झाली. सूत द्यावें, कापड घ्यावें, मजुरी चुकवावी, असा तो क्रम. मोडणारा धंदा मोडूं न देतां मदत करण्याचें हें उदाहरण आम्हांस मोठ्या महत्त्वाचें वाटतें. औसा त्या वेळीं मोगलाईंत असल्यामुळें या तजविजीच्या बाहेर राहिला.

यापुढील हकीकत अधिक लक्षांत घेण्याजोगी आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकारानें १९६५ त सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत प्रयोग झाला; रोजगार हमी योजना १ मे १९७२ रोजीं सुरू झाली; तिचा कायदा १९७७ चा असून तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. मधल्या अवर्षणांत मराठवाड्यासह महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्यें सुमारें ५० लाख माणसें होतीं. या हमीचा खर्च भागविण्यासाठीं १९७५ त व्यवसाय कर बसविण्यांत आला. त्याच्या कायद्याच्या नांवांतच व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी हीं चारहि नांवें आहेत. मोहतर्फा मुंबई इलाख्यांतून गेल्यास १३१ वर्षें झालीं होतीं. तो नव्या नांवानें परत आला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. भेद एवढाच, कीं हा नवा कर बेकारास काम देण्याकरितां म्हणून घेतला गेला, व त्याच्या निव्वळ वसुलाइतकी भर सरकारनें त्यांत घालावी असें ठरलें.

अर्थात् कराच्या कक्षेंत येणाऱ्या दुकानदाराचेंहि द्रव्य या निधींत पडूं लागलें. दुकान मोडल्यावर त्यास त्यांतून काय मिळे? कायद्याप्रमाणें गांवच्या अधिकाऱ्याकडे नांव नोंदवून काम मागावें. १५ दिवसांत काम मिळावें. न मिळाल्यास बेकारभत्ता मिळावा. हा भत्ता दिवसास निदान १ रुपया होता. केंद्राच्या २००५ च्या कायद्यांत तो पहिल्या ३० दिवसांस मजुरीच्या निदान चौथाईइतका व पुढें निम्म्याइतका ठरला. ‘आम्हांस द्या’ असें म्हणण्याचा अधिकार इतक्या शतकांनंतर असा प्रथमच मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र तो दुकान बुडाल्याबद्दलचा नसून अंगमेहनतीचें अकुशल काम मागितल्याबद्दलचा आहे. तराजू धरणाऱ्यानें फावडें धरण्यास तयार झालें पाहिजे. तोंपर्यंत त्याचा दावा उत्पन्नच होत नाहीं.

नोकरांची गोष्ट वेगळी. राज्य विमा महामंडळाच्या २००५ व २०१८ च्या योजनांत नोकरी गेलेल्या विमेदारास ठराविक काळ भत्ता ठेविला. पण तो पगारी कामगारास, मालकास नव्हे. इंग्लंडांतील १९११ च्या कायद्यांतहि कांहीं ठराविक धंद्यांतील मजुरांचाच समावेश होता. आमच्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांत बेकारींत सरकारी साहाय्याचा उल्लेख आहे, व त्यांत नोकर आणि मालक असा भेद केलेला नाहीं.

भूकंपाच्या वेळींहि हेंच दिसून आलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यांतील किल्लारी व आसपासचीं गांवें जमीनदोस्त झालीं. नव्या वसाहतींत घरें देतांना जमिनीचें माप प्रमाण धरण्यांत आलें: भूमिहीन व १ हेक्टरपर्यंतच्या धारकास २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४५०, त्यावर ७५०. ज्याची मिळकत दुकानांत होती व शेत नव्हतें, तो या मापांत भूमिहीनच ठरे. मोहतर्फ्याच्या काळीं दुकानाची निदान मोजणी होत असे, ती कर घेण्यासाठीं कां होईना. देण्याच्या वेळीं मात्र मोजणी जमिनीची झाली.

तात्पर्य, घेण्याच्या वहींत दुकानदाराचें नांव शतकानुशतकें आहे. देण्याच्या वहींत तो मजूर किंवा भूमिहीन होऊनच येतो, दुकानदार म्हणून येत नाहीं. सोलापूरच्या मागांचें उदाहरण हा त्यास दुर्मिळ अपवाद होय.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. औसा, लातूर, उदगीर, कंधार या बाजूचीं घराणीं आपलीं दफ्तरें दाखवितात तेव्हां सनदा व महजर आपण आदरानें उतरून घेतों, आणि पेठेच्या पट्टीच्या याद्या, नादारीचे अर्ज, शेटे-महाजनांच्या फर्दा किरकोळ म्हणून परत बांधून ठेवितों. ते कागद मोडी असोत, फारसी असोत कीं उर्दू, ते जतन करावे. दुष्काळी कामाचे हजेरीपट, रोजगार हमीचीं ओळखपत्रें व व्यवसाय कराच्या पावत्या हींहि आतां इतिहासाचीं साधनें झालीं आहेत. एकाच घरीं मोहतर्फ्याची यादी व हजेरीपट हीं दोन्ही सांपडलीं, तर त्या दोहोंमधील एका दुकानाची कथा कोणाला तरी सांगतां येईल.