सवार, सिम्युलेटर आणि खारेकर्जुन्याचा माळ

बुलढाण्याच्या पोराची सैन्यभरती छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयाकडून होते. चिलखती दलात निवड झाली की त्याचा मुक्काम नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. गावाकडे तो ‘टँकवर आहे’ असं सांगतो. खऱ्या रणगाड्याआधी मात्र त्याला बंद खोलीतल्या खोट्या रणगाड्यात बसवता येतं.

नगरमधल्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण शाळेचं मूळ १९२४ सालच्या रॉयल टँक कोअरच्या शाळेत आहे. पुढे ती फायटिंग व्हेइकल्स स्कूल झाली. १९४८ मध्ये लखनौ, बबिना, फिरोजपूर इथली केंद्रं आणि दप्तरं नगरला आणून तिच्यात मिसळली आणि आजचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं. घोडे गेले, पण घोडदळ गेलं नाही: इथला साधा जवान अजूनही ‘सवार’, त्याचा वरचा ‘दफादार’, आणि एका रेजिमेंटचं नाव ‘पूना हॉर्स’. सेंच्युरियन, विजयंता, टी-७२, टी-९०, अर्जुन अशी वाहनं बदलत गेली. जुनी पाहायची तर १९९४ साली उघडलेलं रणगाडा संग्रहालय आहेच.

तो खोटा रणगाडा म्हणजे सिम्युलेटर: चालकाची किंवा तोफचीची हुबेहूब कोठडी, समोर पडदे आणि मागे उस्तादाचा संगणक. उस्ताद एक कळ दाबून धुकं आणतो किंवा इंजिनात बिघाड करतो. पोरगा चुकला तर तीच चूक पुन्हा लावून दाखवतो. डिझेल जळत नाही, तोफेची नळी झिजत नाही.

खरी कसरत आहे ती सिम्युलेटरच्या खरेदीत. आधी बाजारातून माहिती मागवायची, मग गरजेला मान्यता, मग निविदा, तांत्रिक तपासणी, चाचण्या, आणि शेवटी सर्वांत कमी दरवाला, म्हणजे ‘एल-वन’. ९ ऑगस्ट २०२० रोजी संरक्षण मंत्रालयाने आयातबंदीची १०१ वस्तूंची यादी काढली. रणगाड्याचे चालन आणि तोफ-प्रशिक्षणाचे सिम्युलेटर तिच्यात होते. सप्टेंबर २०२१ मध्ये तिन्ही दलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्याचा आराखडा आला. दिशा योग्यच. पण सॉफ्टवेअर लोखंडासारखं मोजून घेता येत नाही. रणगाड्याची दुर्बीण बदलली की पडद्यावरचं दृश्यही बदलावं लागतं, आणि मूळ प्रणाली विक्रेत्याच्या कुलपात असेल तर प्रत्येक दुरुस्तीसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागतं. म्हणून माझ्या मते किमतीआधी त्या कुलपाच्या किल्लीचा करार व्हायला हवा. सिकंदराबादला लष्कराची स्वतःची सिम्युलेटर विकसित करणारी शाखा आहे, हे यातलं मोठंच भांडवल.

नगरच्या माणसाला या विषयाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. शाळेचा गोळीबार चालतो तो के. के. रेंजवर, हे ‘के. के.’ म्हणजे खारेकर्जुने गाव. रेंजच्या क्षेत्रवाढीच्या धास्तीने नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतल्या २३ गावांनी अर्ज, मोर्चे, दिल्लीच्या भेटी, सगळं केलं. पडद्यावर तोफा जितक्या जास्त डागल्या जातील तितका माळावरचा ताण कमी होईल, असं वाटतं खरं. पण सिम्युलेटर आग दाखवतो; स्फोटाचा हादरा, कानठळ्या आणि तापलेल्या लोखंडाचा वास त्याला देता येत नाही. त्यासाठी सवाराला एके दिवशी त्याच माळावर जावंच लागतं.