ताप्ती व्हॅली रेल्वे आणि आपलं नंदुरबार

आपल्या सोसायटीतली बरीच मंडळी १ जुलै १९९८ ला जिल्हा झाल्यावर नोकरीच्या निमित्ताने इथे आली. त्यांचा एक प्रश्न मी गेली पंचवीस वर्षं ऐकतोय. "काका, नंदुरबार महाराष्ट्रात, मग लग्नाचा बस्ता सुरतला, दवाखाना सुरतला, असं का?" गुजराती व्यापारी इथे रेल्वेच्या आधीपासून आहेत, हे खरं. पण माझ्या मते गावाचं तोंड सुरतेकडे पक्कं फिरवलं ते आगगाडीने.

ही लाईन मुळात सरकारी नव्हती. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली 'ताप्ती व्हॅली रेल्वे' नावाची कंपनी निघाली आणि १९०० सालापर्यंत सुरत ते अमळनेर रूळ पडले. तिकडून जी.आय.पी. रेल्वेने जळगाव–अमळनेर फाटा आणून जोडला. विदर्भातली 'शकुंतला' याच किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालची. ती पुढे कंपनीच्याच मालकीची राहिली. आपली लाईन मात्र १९४२ साली सरकारने विकत घेतली. मग बी.बी.सी.आय. आणि १९५१ पासून पश्चिम रेल्वे. म्हणून आजही आपलं स्टेशन मुंबई सेंट्रल विभागात, आणि शेजारचं जळगाव मध्य रेल्वेत.

धुळ्याला १९०० सालीच गाडी आली, पण चाळीसगावहून, आणि ती तिथेच संपली. नंदुरबार धुळे जिल्ह्यात असताना कोणाला रेल्वेनेच जिल्ह्याच्या गावी जायचं असतं, तर आधी जळगाव, मग चाळीसगाव, मग धुळे! अर्थात असा प्रवास कोण करतो? सगळे एस.टी.ने जायचे. सुरतेला मात्र थेट गाडी.

रूळ टाकले ते खान्देशातल्या कापसासाठी. स्टेशनांच्या आसपास जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. जिनात रुई आणि सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि वाघिणीत चढायच्या. कापड गिरणी मात्र अमळनेरला झाली, श्रीमंत प्रतापशेठ यांची प्रताप मिल. पुढे १९४५ साली मोहंमद प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी काढली तीही अमळनेरलाच. तीच आजची विप्रो. अमळनेरला दोन रेल्वे मिळत होत्या, माल सुरतेला धाडा नाहीतर जळगावमार्गे मुंबईला. मला तरी हे एक मोठं कारण वाटतं. आपल्याकडे जिन राहिले, गिरणी नाही.

मिरचीचं तेच. ओली लाल मिरची मार्केटात येते, व्यापारी ती पथारीवर वाळवतात, बायाबापड्या दिवसभर बसून देठ खुडतात. अवकाळी पाऊस आला की पथारीवरचा माल काळा पडतो आणि व्यापाऱ्याच्या आधी मजुराची रोजी जाते. वाळलेली मिरची पोत्यात भरून बाहेर जाते. पूड आणि मसाला होतो बराचसा दुसरीकडे, आणि आपण तो पुडा किराणा दुकानातून विकत आणतो.

मी १९७२ साली बँकेत लागलो. तेव्हा रेल्वे आणि बँक यांचं नातं फार जवळचं होतं. नव्या पिढीला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. व्यापारी वाघीण भरायचा आणि मालबाबूकडून बिल्टी घ्यायचा. बिल्टीसोबत खरेदीदाराच्या नावाची हुंडी जोडून आमच्याकडे द्यायचा. आम्ही त्यावर काही रक्कम लगेच उचल द्यायचो आणि कागद परगावच्या शाखेत पाठवायचो. तिकडे खरेदीदाराने पैसे भरले की बिल्टी त्याच्या हातात, आणि बिल्टी दाखवल्याशिवाय माल सुटत नसे. टपालाला उशीर झाला, तर माल यार्डात आणि डेमरेज चालू! मिरचीच्या हंगामात आमच्या टेबलावरच्या कागदांनासुद्धा ठसका असायचा.

ऐंशीच्या दशकात रेल्वेचं लक्ष पूर्ण रेकवर गेलं. एक-दोन वाघिणींचा गिऱ्हाईक नकोसा झाला. व्यापारी ट्रककडे वळले आणि बिल्ट्यांचा ढीग बघता बघता ओसरला. २०१८ साली उधना–जळगाव दुहेरीकरण पुरं झालं. क्रॉसिंगसाठी तासन् तास अडकून पडणं गेलं, गाड्या वाढल्या. हा फायदा मोठाच आहे, नाही म्हणणार नाही. पण रात्री आपल्या गॅलरीतून ऐकू येणाऱ्या बऱ्याच मालगाड्या इथे थांबत नाहीत. उकाईच्या वीज केंद्राचा कोळसा याच वाटेने जातो.

नवापूर स्टेशनची गंमत सर्वांना माहीत आहे. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि हद्द फलाटावरूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातमध्ये. लोक बाकावर बसून फोटो काढतात. पण दिवाळीनंतर त्याच हद्दीपलीकडे आपल्या जिल्ह्यातली आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला जातात, कोणी ट्रकने, कोणी गाडीने. व्यारा, मढी, बारडोली या साखर कारखान्यांच्या गावांची स्टेशनं याच लाईनवर आहेत. भांडी, गोधड्या, कडेवर पोर. कापूस गेला, मिरची गेली, आता माणसंही त्याच दिशेने जातात. बँकेत असताना आम्ही मार्चअखेर वसुलीला अक्कलकुवा-धडगावकडे गेलो, की दाराला कुलपं. शेजारी एखादी म्हातारी असायची. ती सांगायची, "गुजरातमां गया."