पुरावस्तू की घडीव वस्तू?

उत्खननाच्या अहवालात पानोपानी भेटणारा 'आर्टिफॅक्ट' हा शब्द आज आपण जरा फोडून बघू. मराठीत त्याला सर्रास 'पुरावस्तू' म्हणतात. आमच्या मते इथेच घोटाळा आहे.

शब्द लॅटिन तुकड्यांचा. 'आर्ते' म्हणजे कसबाने, 'फाक्तुम' म्हणजे केलेलं. इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकात रुळला. त्यात वयाचा उल्लेखच नाही, आहे तो करणाऱ्याच्या हाताचा. 'पुरावस्तू'चं नेमकं उलट. 'पुरा' म्हणजे पूर्वीची, आणि 'वस्तू' ही 'वस्', म्हणजे राहणे, या धातूवरून आलेली. जुनी आणि टिकून राहिलेली, एवढंच आपला शब्द सांगतो. केली कोणी, याबद्दल चकार शब्द नाही.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला जांभ्या खडीत एक दगड मिळाला. खडीत दगड असायचेच, पण याचे दोन्ही बाजूंनी पद्धतशीर टवके काढलेले होते. ती हातकुऱ्हाड होती, आणि भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाला तिथून सुरुवात झाली. जुना तर त्या खड्ड्यातला प्रत्येक दगड होता. प्रश्न वयाचा नव्हताच, टवके कोणी काढले हा होता.

हा प्रश्न दरवेळी इतका सोपा नसतो. इंग्लंड-फ्रान्समध्ये काही ओबडधोबड गारांना माणसाची आद्य हत्यारं मानून बरीच वर्षं वाद चालला. १९०५ साली मार्सेलँ बूल यांनी सिमेंटच्या कारखान्यातल्या गारा पुढे केल्या. खडू आणि माती पाण्यात घुसळणाऱ्या यंत्रात आपटून आपटून त्यांनाही तसेच टवके गेले होते! नदी, हिम, दरड हेही दगड फोडतातच की. तेव्हा एखाद्या दगडाला आर्टिफॅक्ट म्हणणं हा एक दावा असतो, आणि तो सिद्ध करावा लागतो.

मग संस्कृतात असा शब्द नव्हता का? होता, चांगला नेमका होता: 'कृत्रिम'. पाणिनीच्या नियमाने 'कृ' धातूला प्रत्यय लागून तो बनतो, अर्थ 'करण्यातून झालेलं'. त्याच साच्यातला 'पक्त्रिम', म्हणजे शिजवण्यातून झालेलं. धर्मशास्त्रात पुत्रांच्या प्रकारांमध्ये 'कृत्रिम पुत्र' येतो, तो खोटा मुलगा नव्हे, मुलगा म्हणून केलेला. पण आज दुकानात 'कृत्रिम मोती' म्हटलं की नकली, आणि 'कृत्रिम हसू' म्हणजे तर वरवरचं. उत्खननातल्या मण्याला 'कृत्रिम वस्तू' म्हणून बघा, लोक विचारतील, खरा कुठाय? गंमत म्हणजे तिकडेही हेच घडलं. हृदयाचा आलेख काढताना रोग्याचा हात हलला आणि भलतीच रेघ उमटली, तर डॉक्टर तिला 'आर्टिफॅक्ट'च म्हणतात. माणसाने केलेलं ते खोटं, हा संशय दोन्ही भाषांना आहे.

'पुरावस्तू'ने एक नुकसान मात्र खास आपलं केलं. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात सर्वसाधारण अट शंभर वर्षांची आहे, हस्तलिखितांसारख्या काही गोष्टींना पंच्याहत्तरची. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तीच रेघ आपल्या डोक्यातही बसली. पाथरवटाने टाकी लावलेलं ऐंशी वर्षांचं जातं 'पुरावस्तू' नाही, म्हणून ते अंगणाच्या फरशीखाली जातं. खरं तर टाकीचा पहिला घाव बसला तेव्हापासूनच ते आर्टिफॅक्ट आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या जमवल्या, त्या वयाचा दाखला मागत बसून नव्हे. त्यांना त्यामागचा हात दिसत होता.

आम्ही आमच्या टिपणांत हल्ली 'घडीव वस्तू' लिहितो. दगड, मडकं, दागिना यांना तो छान बसतो. विणलेल्या कापडाला जरा ओढून लावावा लागतो, हे कबूल. कोणाला याहून बरा शब्द सुचला तर सांगा.