वहीत नसलेली नावं

नाशिकच्या रामकुंडावर तीर्थोपाध्यायांपुढे बसून आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की थोड्या वेळात जुनी वही उघडते. पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, कोणाच्या अस्थी आणल्या होत्या, हे सगळं तिच्यात निघतं. कुठे मोडीतली सही, कुठे नुसता अंगठा. कुळाची नोंद ठेवण्यात या गावाचा हात धरणारी गावं देशात थोडीच असतील.

एकोणिसाव्या शतकात याच नाशकात, रामकुंडापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, काही मुलं राहत होती. त्यांना आडनाव नव्हतं. गावाचं नाव आठवत असलं तरी ते कुठल्याच वहीत लागलं नसतं. ती आफ्रिकेची होती आणि त्यांचा मुक्काम होता शरणपुरात.

आजच्या नाशिककराला शरणपूर म्हटलं की रस्ता आठवतो. दुकानं, दवाखाने, गर्दी आणि थंडी पडली की स्वेटर घ्यायला तिबेटियन मार्केट. आपला देश सोडून आलेल्या माणसांनी नेमक्या याच रस्त्यावर बाजार थाटावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. कारण शरणपूर हे नाव काही कोणा शरणप्पाच्या नावावरून पडलेलं नाही. बायबलच्या मराठी भाषांतरात, ज्या नगरांत जीव वाचवायला आलेल्या माणसाला हात लावायचा नाही अशा नगरांना ‘शरणपुरे’ म्हटलं आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात नाशिकच्या पश्चिमेला जमीन घेऊन वसाहत केली, तेव्हा हाच शब्द उचलला. त्या काळी ख्रिस्ती झालेल्या माणसाला घरदार परकं होई आणि गाव वाळीत टाके. त्याच्यासाठी ही जागा. तिथे शाळा, अनाथाश्रम, सुतारकाम-लोहारकाम शिकवणाऱ्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. कारभार पाहत ते विल्यम साल्टर प्राइस नावाचे पाद्री.

आफ्रिकन मुलं इथे आली ती समुद्रातून. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून माणसं पकडायची, किनाऱ्यावर चालवत आणायची, झांजिबारच्या बाजारात विकायची आणि गलबतांतून अरबस्तानाकडे धाडायची, हा धंदा तेव्हा जोरात होता. ब्रिटिश आरमाराची जहाजं ही गलबतं धरत. धरल्यावर प्रश्न पडे, की सोडवलेल्या माणसांचं करायचं काय? परत सोडावं तर पुन्हा पकडली जाणार. मग कोणाला एडनला उतरवलं, कोणाला सेशेल्सला, कोणाला मुंबईला. मुंबईत उतरलेली मुलं घरोघरी, मिशनांत वाटली गेली, आणि १८६०च्या सुमारास शरणपुरात त्यांच्यासाठी ‘आफ्रिकन असायलम’ सुरू झालं. महाराष्ट्राला आफ्रिकन माणूस नवा नव्हता. जंजिऱ्याचे सिद्दी होते, आणि मलिक अंबर तर स्वतःच लहानपणी विकला गेलेला. पण ते तलवार घेऊन इतिहासात शिरले. शरणपूरच्या मुलांच्या हातात पाटी आणि रंधा आला.

या पोरांची मूळ भाषा एक नव्हती. कोणी याओ, कोणी माकुआ, कोणी न्यासा सरोवराकडचं. एका गलबतातून उतरलेल्या दोन मुलांना एकमेकांचं बोलणं समजेलच असं नव्हतं. शरणपुरात वर्गात इंग्रजी, बाहेर हिंदुस्तानी, आणि आसपास मराठी. मायबोली बोलायची कोणाशी? नावांचं त्याहून विचित्र झालं. बाप्तिस्म्याच्या वेळी जी नावं मिळाली ती आश्रम चालवणाऱ्या पाद्र्यांची आणि साहेबलोकांची. प्राइस साहेबांवरून सायमन प्राइस. शरणपुरात काम केलेल्या आयझेनबर्ग साहेबांवरून रिचर्ड आयझेनबर्ग. या यादीत एक अब्राहम परेराही आहे आणि एक जेम्स रटनही. पूर्व आफ्रिकेपासून लंडनपर्यंत त्यांना सगळे मिळून ओळखत ते मात्र एकाच नावाने, ‘नासिक बॉइज’. आईबापांनी ठेवलेलं नाव गेलं आणि कुळाच्या जागी नाशिक लागलं.

ही ओळख जगाला झाली ती डेव्हिड लिव्हिंग्स्टनमुळे. हा स्कॉटिश मिशनरी-प्रवासी १८६४ साली आपली छोटी आगबोट झांजिबारहून स्वतः हाकत मुंबईला घेऊन आला. बरोबर चुमा आणि विकातानी ही दोन मुलं होती. गुलामांच्या तांड्यातून सोडवलेल्या या पोरांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. पुढच्या वर्षी तो परत आला तो नाईलचा उगम शोधायच्या मोहिमेसाठी माणसं जमवायला. शरणपुरातून नऊ मुलं निघाली. १८६६च्या जानेवारीत मुंबईहून जहाज सुटलं.

पहिली काही पानं फारशी गौरवाची नाहीत. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत या मुलांबद्दल तक्रारी आहेत: मागे रेंगाळतात, कामचुकार आहेत. नऊ जणांपैकी रिचर्ड आयझेनबर्ग वाटेतच वारला, काही जण पांगले. पण रानातून पायपीट करायला निघालेल्या या मुलांच्या मनात काय चाललं असेल, हे साहेबाच्या रोजनिशीत शोधायला गेलं तर एक प्रसंग हाताला लागतो. एका गावात गर्दीतून अब्राहमला त्याचा मामा भेटला. मामाने सांगितलं, तुला नेल्यानंतर तुझी आई आणि दोन बहिणीही विकल्या गेल्या. इथेच राहा, म्हणाला. अब्राहम राहिला नाही. जिथे आई नाही, बहीण नाही तिथे राहून काय करू, असा त्याचा सवाल होता. विकातानीला मात्र न्यासा सरोवराजवळ आपली भावंडं भेटली आणि तो तिथेच थांबला. नऊ वर्षांच्या मुलाला ज्या वाटेने दोर बांधून नेलं, त्याच वाटेने तो बूट घालून, इंग्रजी बोलत परत येतो, तेव्हा त्याला ‘घरी आला’ म्हणायचं का, हा प्रश्न लिव्हिंग्स्टनला पडलेला दिसत नाही.

१८७२ साली आणखी सहा ‘नासिक बॉइज’ लिव्हिंग्स्टनपर्यंत पोहोचले. जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर, रिचर्ड आणि बेंजामिन रटन. यातल्या जेकबचं नाव लक्षात ठेवण्याजोगं. तो याओ जमातीचा, आरमाराने सोडवलेला, शरणपुरात शिकलेला.

१८७३च्या मे महिन्यात, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन मेला. खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत तो सापडला. माणसांनी ठरवलं, देह किनाऱ्यावर न्यायचा. परक्या मुलखात प्रेत घेऊन फिरणं म्हणजे जिवावरचं काम. गावोगावचे लोक भुताखेताच्या भीतीने वाट अडवत. त्यांनी शव उघडलं, काळीज आणि आतडी एका झाडाखाली पुरली, उरलेला देह उन्हात वाळवून कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला. झाडाखाली अंत्यविधीची प्रार्थना वाचली जेकब वेनराइटने. त्या झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. तारीख ४ मे. पुस्तकांत १ मे छापतात, आणि खरी कुठली यावर अजून वाद आहे. ते झाड आज नाही, पण अक्षरांचा तो तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत जपून ठेवला आहे. शरणपुरात हाताला वळण लागलेल्या पोराचं अक्षर लंडनच्या काचेत आहे आणि नाशकात त्याचा मागमूस नाही.

हजार मैलांहून लांब वाट होती. वाटेत ताबोराजवळ एक इंग्रज अधिकारी भेटला. त्याने सल्ला दिला, इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. एका गावाने अडवलं तेव्हा सामानासारखी दुसरी खोटी गुंडाळी करून ती ‘परत पाठवली’ आणि खरी पुढे नेली. तांड्याचं नेतृत्व सुसी आणि चुमा या लिव्हिंग्स्टनच्या जुन्या सोबत्यांकडे होतं, लिहिणं-वाचणं जेकबकडे. १८७४च्या फेब्रुवारीत ते बागामोयो बंदरात पोहोचले. तिथे अधिकाऱ्यांनी ताबा घेतला, आणि बहुतेकांना पगार देऊन वाटेला लावलं. इंग्लंडला शवपेटीबरोबर जाता आलं ते फक्त जेकबला, मिशनने भाडं भरलं म्हणून. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्लेसारख्या बड्या साहेबांबरोबर तो चालला. तिथल्या शिळेवर लिहिलं आहे, की विश्वासू हातांनी भूमीवरून आणि समुद्रावरून हा देह इथे आणला. हात कोणाचे, ते लिहिलेलं नाही.

जेकबने मात्र स्वतः लिहून ठेवलं होतं. त्याची डायरी त्या दिवसांची आफ्रिकन माणसाच्या हातची नोंद आहे. कॅरस फॅररनेही आपली हकिकत लिहिली. म्हणजे ‘बॉइज’ म्हणून ज्यांची वासलात लावली, ते कागदावर आपलं म्हणणं मांडणारे होते. हे श्रेय शरणपूरच्या शाळेला दिलंच पाहिजे.

इथून गोष्ट पुन्हा समुद्राकडे वळते. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रियर १८७३ साली झांजिबारच्या सुलतानाशी गुलामविक्री बंद करण्याची बोलणी करायला गेले. (मुंबईकरांना ते ठाऊक नसले तरी त्यांच्या सन्मानासाठी उभारलेलं कारंजं ठाऊक आहे. त्यालाच पुढे फ्लोरा फाउंटन म्हणू लागले.) फ्रियरांनी सुचवलं, की सोडवलेल्यांना हिंदुस्थानात कशाला न्यायचं, वसाहत तिथेच किनाऱ्यावर करा, आणि नाशिकहून शिकलेल्यांना तिथे पाठवा. शरणपूरचं आफ्रिकन असायलम मिटलं. प्राइस साहेब मोंबासाला गेले आणि १८७५ साली खाडीपलीकडे, बेटासमोर, वसाहत वसली. नाव फ्रियर टाउन.

त्याआधीच, १८६४ साली, नाशिकची काही माणसं जवळच्या राबाईला पोहोचली होती: विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड. आता आणखी आली. किनाऱ्यावर त्यांना म्हणू लागले ‘बॉम्बे आफ्रिकन’. कातडीने तिथलेच, पण विजार-सदरा घालणारे, इंग्रजी बोलणारे, रंधा-हातोडा चालवणारे. स्वाहिली त्यांना नव्याने शिकावी लागली. नव्याने सोडवून आणलेल्या गुलामांच्या नजरेत ते साहेब, साहेबांच्या नजरेत नोकर, आणि किनाऱ्यावरच्या अरब जमीनदारांच्या नजरेत पळालेल्यांना थारा देणारे. शिक्षक ते, कारागीर ते, प्रचारक ते, पण पगार आणि मान गोऱ्यापेक्षा कमी. कुरबुरी झाल्या, आणि १८८१ साली वसाहतीतल्या फटक्यांच्या शिक्षेवरून सरकारी चौकशीही झाली. विल्यम जोन्स १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेवर गेला. बिशप मारला गेला तेव्हा उरलेला तांडा सुखरूप परत आणला तो या लोहारकाम शिकलेल्या माणसाने.

फ्रियर टाउनमध्ये एक घंटा होती. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली की ती वाजवत, असं तिथले लोक सांगतात. स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात. त्या जागेचं नाव पडलं केंगेलेनी, म्हणजे घंटेपाशी. आजही मोंबासात ते नाव चालू आहे, आणि १८८४ साली बांधलेलं इमॅन्युएल चर्चही उभं आहे.

स्मृती कशी टिकते, याचा हिशेब विचित्र असतो. आयर्लंडच्या पश्चिमेला ग्रेट ब्लास्केट नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथले कोळी-शेतकरी आयरिश भाषा बोलत. बाहेरून अभ्यासक आले, त्यांनी कान देऊन ऐकलं. टॉमस ओक्रोहन या कोळ्याने आपलं चरित्र १९२९ साली आयरिशमध्येच छापलं, पेग सेयर्स या म्हातारीने आपलं आयुष्य मुलाला सांगून लिहून घेतलं. १९५३ साली बेट रिकामं झालं तरी माणसं पुस्तकांत बोलत राहिली. शरणपूरच्या मुलांकडे बेट नव्हतं, एक भाषा नव्हती, आणि त्यांची अंगाईगीतं, त्यांच्या आज्यांच्या गोष्टी टिपायला कोणी आलं नाही. जे टिपलं ते साहेबाच्या कामाचं तेवढंच. जेकबच्या डायरीतही आईचं नाव शोधत बसू नये.

आठवण धरून ठेवली ती मोंबासाच्या किनाऱ्याने. १९३४ साली जेम्स म्बोटेला यांनी फ्रियर टाउनच्या सोडवलेल्या गुलामांची कहाणी स्वाहिलीत लिहिली, ‘उहुरु वा वातुम्वा’. गुलामांची मुक्ती, असा त्याचा अर्थ. लेखक स्वतः सोडवलेल्या गुलामाचा मुलगा. आणि त्याच १९३४ साली इकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग छापून आला. लक्ष्मीबाईंचं आयुष्य नाशकातच संपलं, १९३६ साली. मराठी वाचकाला नाशिकचे ख्रिस्ती म्हटलं की त्या आठवतात, आणि ते योग्यच आहे. शरणपूरची दुसरी शाखा समुद्रापलीकडे दुसऱ्या भाषेत आठवणी लिहीत होती, एवढं मात्र इकडे कोणाला कळलं नाही.

जेकब वेनराइट पुढे फ्रियर टाउनच्या शाळेत शिकवत होता, मग युगांडाच्या दरबारी गेला, आणि १८९२ साली आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन सगळ्यांत जास्त जगला. मोंबासात म्हातारा झाला. लिव्हिंग्स्टनला पाहिलेला शेवटचा माणूस म्हणून लोक त्याला बघायला येत, आणि त्याची हकिकत एका पाद्र्याने उतरवून घेतली. १९३५ साली तो गेला.