बडोद्याच्या फिरत्या पेट्या

बडोदे संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण प्रथम 1893 साली अमरेली तालुक्यात सुरू झाले आणि 1906 साली सबंध संस्थानाला लागू झाले. मुलीही त्यातून सुटल्या नाहीत. शाळा निघाल्या, पट भरले; पण शाळा सुटली की वाचनही सुटत होते. चार इयत्ता शिकून शेतावर गेलेला पोरगा काही वर्षांत अक्षरे विसरू लागे. क्रमिक पुस्तक सोडले तर घरात छापील असे काही नसायचेच. पोथी असलीच तर ती देव्हाऱ्यात, कापडात बांधलेली. पोरांनी तिला हात लावायचा नाही. शिक्षणावरचा खर्च पाण्यात जाऊ द्यायचा नसेल तर शाळेपाठोपाठ पुस्तकही गावात पोचवायला हवे, हे दरबाराला दिसू लागले.

निरक्षर राहणे म्हणजे काय, हे महाराज सयाजीराव गायकवाड स्वतःवरून जाणून होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातला हा मुलगा 1875 साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते.

दरबाराची योजना निघण्याआधीच या कामाला एका मास्तरांनी हात घातला होता. पेटलादकडच्या भागात शिक्षक असलेल्या मोतीभाई अमीन यांनी 1906 पासून गावोगाव ‘मित्रमंडळ’ वाचनालये काढायला सुरुवात केली. भांडवल म्हणजे थोडी वर्गणी, चार वर्तमानपत्रे आणि मास्तरांची चिकाटी. पुढे हेच मोतीभाई संस्थानच्या ग्रंथालय खात्यात आले. योजनेचे श्रेय बहुतेकदा महाराजांना आणि अमेरिकन तज्ज्ञाला दिले जाते. ते खोटे नाही, पण खेड्यातली घडी बसवली ती या मास्तरांनी.

अमेरिकन तज्ज्ञ म्हणजे विल्यम बॉर्डन. अमेरिकेच्या दौऱ्यात सयाजीरावांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि 1910 साली बॉर्डन यांना बडोद्यात बोलावून घेतले. तीन वर्षांत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, ग्रंथपालांचे वर्ग चालवले आणि खेड्यांसाठी एक शाखा उघडली. महाराजांनी राजवाड्यातला आपला ग्रंथसंग्रहही मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. गावाने वाचनालयासाठी पैसे जमवले की तेवढीच रक्कम दरबार घाली आणि तेवढीच प्रांत पंचायत. गावाने आधी स्वतःच्या खिशात हात घालायचा, ही अट महत्त्वाची होती. फुकटात आलेल्या कपाटाची किल्ली लवकर हरवते.

ज्या गावांना एवढेही झेपत नव्हते त्यांच्यासाठी फिरत्या पेट्या होत्या. धसमुसळ्या हाताळणीतही टिकाव धरील अशी मजबूत लाकडी पेटी, आत साधारण पंधरा ते तीस पुस्तके. ती रेल्वेने जायची आणि जाण्यायेण्याचे भाडे खाते भरायचे. काही आठवडे गावात राहिली की पेटी परत यायची आणि दुसरी जायची. एकाच संचावर अशी अनेक गावे वाचत, आणि गावातल्या मुलाला वर्षभरात निरनिराळ्या पेट्या पाहायला मिळत. पुस्तके थोडी असताना ती एका जागी साठवण्यापेक्षा फिरती ठेवणे शहाणपणाचे, हा त्यातला हिशोब होता.

खरी ओढाताण पेटीत काय घालायचे याची होती. मराठीत मुलांसाठी लिहिले गेले नव्हते असे नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ 1828 सालचे. मिशनऱ्यांचा ‘बालबोधमेवा’ 1873 पासून निघत होता. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केले. पण हे सगळे एकत्र केले तरी किती पेट्या भरणार? त्यातून बडोद्याची प्रजा बहुतांश गुजराती, तर दरबारी मंडळीत मराठी घरे बरीच. म्हणजे दोन्ही भाषांची सोय पाहावी लागे. म्हणून संस्थानाने ग्रंथप्रकाशनही हाती घेतले. मोठ्यांसाठी ‘श्री सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ अशा दोन माला निघाल्या. बालज्ञानमालेतली पुस्तके छोटेखानी आणि बहुधा माहितीपर. त्यातली काही आज जरा कोरडी वाटतात. गोष्टीपेक्षा ज्ञान देण्याची घाई त्यांत अधिक आहे.

मुलांची नस मध्यवर्ती ग्रंथालयातल्या बालविभागाला अधिक सापडली होती. तिथे चित्रांची पुस्तके होती आणि खेळही होते. खेळायला आलेले मूल पुस्तकाकडे वळेल, असा भरवसा त्यामागे होता. अक्षरओळख नसलेल्यांसाठी दृश्य शिक्षणाची वेगळी शाखा होती. जादूचा कंदील आणि सिनेमाची यंत्रे घेऊन तिची माणसे खेडोपाडी जात.

या व्यवस्थेत दुबळेपणाही होता. खेड्यात वाचनालय चालवायचे ते बहुधा शाळामास्तरांनीच, तेही शिकवून उरलेल्या वेळात. उत्साही मास्तर बदलून गेले की कपाटाला कुलूप लागायचे.

1949 साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. त्या राज्यात ग्रंथालयांचा विचार सुरू झाला होता. 1939 साली नेमलेल्या फैजी समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंतची उतरंड सुचवली होती. महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तो 1967 मध्ये. पेटीचा उपयोग मात्र त्यानंतरही संपला नाही: नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तके वाचकांपर्यंत नेली ती पेट्यांतूनच.